खिळ्याला टांगलेला पट्टा

निवृत्त कंडक्टरला हॉस्पिटलच्या समितीवर ‘रुग्णप्रतिनिधी’ म्हणून घेतलं, तेव्हा त्याने शर्टाला दोनदा इस्त्री केली. नवीन यंत्र घ्यायचं की नाही, हे पेशंटलाही विचारायचं, असा नियम आला होता. विचारायचं म्हणजे खुर्ची द्यायची, चहा द्यायचा आणि सही घ्यायची.

यंत्र म्हणजे कमरेला बांधायचा पट्टा. म्हातारा माणूस पडला की पट्टा ओरडणार आणि नर्सला फोन लावणार. कंडक्टरने तो महिनाभर घरी वापरून मत द्यायचं होतं.

पहिल्याच दिवशी तो जेवायला धपकन बसला आणि पट्टा बाईच्या आवाजात किंचाळला, “पडलात का? पडलात का?” शेजारचे तिघं धावत आले. दुसऱ्या दिवशी संडासात तेच. आठवडाभरात सगळा जिना त्याला बघून हसायला लागला.

“चाळीस वर्षं धावत्या बसमध्ये दांडा न धरता तिकिटं फाडली,” तो बायकोवर खेकसला, “आणि ही बया मला विचारते, पडलात का!”

“मग परत देऊन टाका.”

“आणि काय सांगू? झेपलं नाही?”

दहाव्या दिवशी पट्टा खिळ्याला गेला. बाराव्या दिवशी कंडक्टर मोरीत पडला. विसाव्या दिवशी पुन्हा. कुणाला सांगायचं नाही, अशी त्याने बायकोला शपथ घातली.

बैठकीला मात्र तो पट्टा बांधून गेला. कंपनीच्या इंजिनिअरने भिंतीवर आलेख दाखवला. “पहिले नऊ दिवस गडबड. मग एकवीस दिवस काका एकदम ताठ! तोल जाणं शून्य!”

“झोपेतसुद्धा ताठ?” अध्यक्ष डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“तीच तर कमाल आहे, मॅडम!”

टाळ्या पडल्या. शिकलेली माणसं होती. आलेखाची रेघ सरळ दिसली की त्यांचं डोकं झोपतं. मागच्या ओळीत सोबत आलेली बायको स्वतःच्या चपलांकडे बघत बसली.

“हे मंजूर झालं की वॉर्डातल्या सहा मावश्या कमी करता येतील,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “काका, इथे सही.”

तेवढ्यात त्याच्यापुढे चहा आला. “साखर कमी घातलीय, काका,” चहा आणणारी वॉर्डातली मावशी हळूच म्हणाली. गेल्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर अकरा दिवस हिनेच त्याला हाताला धरून संडासाला नेलं होतं.

कंडक्टरने उचललेलं पेन खाली ठेवलं.

“ताठ मी नव्हतो. खिळा होता.”

“म्हणजे?”

“पट्टा खिळ्याला टांगला होता. मी मोरीत दोनदा पडलो.”

इंजिनिअर उसळला. “हा पेशंटचा दोष आहे, यंत्राचा नाही! आता घातलाय ना? चालून दाखवा.”

कंडक्टर उठला. तिसऱ्या पावलाला गुडघा दुमडला आणि टेबलाला घासत घासत तो जमिनीवर आला. सगळ्यांनी पट्ट्याकडे पाहिलं. पट्टा गप्प.

“तुम्ही... फार हळू पडलात,” इंजिनिअर म्हणाला.

“चुकलं. पुढच्या वेळी जोरात पडतो.”

मावशीने ट्रे टाकला, त्याच्या काखेत हात घातले आणि त्याला उचलून धपकन खुर्चीत बसवलं.

“पडलात का? पडलात का?” पट्टा किंचाळला.

कुणीच हसलं नाही. डॉक्टरीणबाईंनी सहीचा कागद ओढून पालथा घातला.

“हो,” कंडक्टर मान खाली घालून पट्ट्याला म्हणाला. “तीनदा.”

मावशी ट्रे उचलायला वळली, पण तिला जाता येईना. त्याने तिचा हात दांड्यासारखा घट्ट धरला होता.