पेयाची बदली

सेतुमाधवराव सैतानांची सर्व्हिस बुकं ठेवतात. प्रत्येकाचं वेगळं, छापील फॉर्मवर, निळ्या शाईत.

पेरंबूरच्या आमच्या इमारतीत ते दुसऱ्या मजल्यावर राहतात, मी तिसऱ्या. रेल्वेच्या आस्थापना विभागात त्यांनी चौतीस वर्षं माणसांच्या नेमणुका, बदल्या आणि शिक्षा नोंदवल्या. सैतानांसाठी त्यांनी तसेच फॉर्म पदरमोड करून छापून घेतले.

मी ती पुस्तकं वाचली आहेत. इब्लिस: ‘आदमापुढे झुकण्याचा हुकूम नाकारला. बडतर्फ. विनंतीवरून कयामतीपर्यंत मुदत मंजूर.’ मार: ‘कामगिरी, बुद्धाला आसनावरून उठवणें. स्वतःच्या मुलींनाही कामाला लावलें. निष्फळ.’ कली: ‘नळराजाच्या हातून एक चूक व्हावी म्हणून बारा वर्षें थांबला. राजा एकदा पाय धुवायला विसरला. घेतलेली रजा: शून्य.’ कलीबद्दल त्यांना विशेष आदर आहे.

नव्या बांधकामावर दृष्ट लागू नये म्हणून इथे तमिळ मुलखात मोठ्या मिशांचं, जीभ बाहेर काढलेलं राक्षसाचं तोंड टांगतात. सेतुमाधवराव अशा प्रत्येक तोंडाखाली थांबतात, वर बघतात आणि ‘ड्यूटीवर आहे’ असं म्हणून पुढे जातात.

त्यांचं घराणं तीनेकशे वर्षांपूर्वी तंजावरला आलं आणि मराठी तेव्हाचीच राहिली. माझी कोल्हापूरची. तिला ते ‘पेपरची मराठी’ म्हणतात, कारण मी वर्तमानपत्रात होतो. त्यांचा एक सिद्धांत आहे, तो ते प्रत्येक भेटीत ऐकवतात: “अस्की देवांची बदली होते, पेपरवाले. सैतानाची होत नाही. नेमल्या जागीं राहतो तो.” अस्की म्हणजे सगळे.

भेट दुपारी तीनची ठरलेली. मला फिल्टर कॉफी मिळे. त्याच वेळी कोकम सरबताचा एक पेला मागच्या खोलीत जाई.

“आत कोण आहे?” मी पहिल्यांदा विचारलं होतं.

“पेय,” ते म्हणाले.

सरबत म्हणजे पेयच. मी पुढे काही विचारलं नाही. बातमीदाराला न शोभणारी ही चूक माझ्याकडून झाली, आणि तीन वर्षं टिकली.

यंदा इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. पहिल्या मजल्यावरच्या मीनाक्षीअम्मांच्या स्वयंपाकघरात छताचा गिलावा रोज थोडा पडतो. त्या छत्री उघडून डोसे घालतात. बिल्डरला सोळा घरांच्या सोळा सह्या हव्या होत्या. पंधरा झाल्या. सोळावी सेतुमाधवरावांची.

बैठकीत त्यांनी करार तीनदा वाचला आणि बिल्डरच्या माणसाला विचारलं, “सही रक्ताची पाहिजे का? गोष्टींत सैतानाशी करार करणारा तशीच करतो. शेवटीं पस्तावतो.”

“ब्लू पेन पोदुम, सार,” तो माणूस म्हणाला. निळं पेन पुरे.

कोणी हसलं नाही. सेतुमाधवराव सही न करता उठले. सोसायटीचे सेक्रेटरी रामनाथन माझ्याकडे वळले. “तुमची दोघांची मदर टंग एक ना, सार? तुम्ही बोला.”

मी दुसऱ्या दिवशी तीन वाजता गेलो. कॉफी आली, कोकम आत गेलं.

“सही का करत नाही?”

“मागच्या खोलींत पेय आहे.”

“मग फ्रीजमध्ये ठेवा.”

त्यांनी माझ्याकडे सावकाश पाहिलं. “अय्यो, पेपरवाले! तुम्हींही?”

मग खुलासा झाला. तमिळमध्ये पेय म्हणजे भूत. तंजावरी घरांत मराठी बोलतानाही भुताला हाच शब्द वापरतात. सेतुमाधवरावांच्या पत्नी विमलाबाई चिपळूणच्या. लग्न होऊन मे महिन्यात या घरात आल्या. मागच्या खिडकीला तेव्हा चिंचेचं झाड लागून होतं आणि चिंचेवर भूत असतं, म्हणून सासूबाईंनी आवाज खाली आणून सुनेला सावध केलं, “मागच्या खोलींत पेय आहे हो.”

सून तहानलेली होती. सासू किती मायाळू, असं तिला वाटलं. सगळे दुपारी आडवे झाल्यावर ती पेला घेऊन त्या खोलीत गेली आणि फडताळं उघडू लागली. आवाजाने सासूबाई आल्या.

“काय करत्येस गे?”

“पेय शोधतेय. कुठे ठेवलंय?”

“अम्मा त्यानंतर तिला कधीं मोठ्यानें बोलली नाही,” सेतुमाधवराव म्हणाले. “भुताला शोधायला पेला घेऊन जाणारी सून! कोण बोलणार?”

पुढे विमलाबाई रोज दुपारी तिथेच कोकम घेऊन बसत. हे पेय म्हणजे नेमकं कोण, याचं नाव काय, याला नेमलं कोणी, असं नवऱ्याला विचारत. नवरा आस्थापना विभागातला. त्याने उत्तरं शोधली आणि त्याला येत होतं त्या पद्धतीने लिहिली. पहिलं सर्व्हिस बुक तेव्हाचं.

“चार वर्षें झालीं तिला जाऊन. इस्पितळांत म्हणाली, मी मागच्याच खोलीत असेन, पेय म्हणून. हसत होती.”

“तुमचा विश्वास आहे?”

“छे हो. मी शिकलेला माणूस.” त्यांनी चष्मा पुसला. “पण सैतानाची बदली होत नाही, हें मीच लिहून ठेवलें. इमारत पाडली तर ती कुठें जाईल?”

मी सवयीने प्रश्न विचारला. “बदली कधीच नाही? रेल्वेत कुठल्याच कारणाने अपवाद होत नाही?”

ते उठले आणि कपाटातून रेल्वेच्या नियमांचं जुनं पुस्तक काढू लागले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला खाली बोलावलं. टेबलावर करार होता, शेजारी एक छापील फॉर्म.

“तपासा. माझ्या मराठीला ती हसायची. चूक नको. हा बरोबर झाला कीं तो करार बघतों.”

तो बदलीचा हुकूम होता. ‘नांव: पेय. सध्याचें ठिकाण: मागची खोली. नवें ठिकाण: कोळत्तूर, भाड्याचें घर. बांधकाम संपल्यावर मूळ जागीं परत. कारण: पती-पत्नीस एका ठिकाणीं ठेवणें.’ रुजू होण्याच्या मुदतीची जागा कोरी होती.

मी दोन अनुस्वार खोडले. मग पहिल्या ओळीवर थांबलो. “हा शब्द बदलू या. मराठी माणसाने वाचलं तर त्याला वाटेल, सरबताची बदली केली.”

“राहूं दे,” सेतुमाधवराव म्हणाले. “तिला तसेंच कळलें होतें.”

मी तो शब्द तसाच ठेवला. त्यांनी करार पुढे ओढला आणि निळ्या पेनाने सही केली.