रायपूर की नागपूर? शीत सांगेल!

आमगावकडचे पुनारामजी म्हणजे धानातला बादशहा माणूस! शितावरून भाताची परीक्षा सगळेच करतात हो, पण पुनारामजी शितावरून अख्ख्या घराची परीक्षा करायचे. "एक शीत बोटात चेपतो अन् सांगतो, माणसं कशी आहेत ते!" असं ते चारचौघांत छाती ठोकून सांगत. धाकट्या भावाची सोयरीक त्यांनी अशीच मोडली होती. भाऊ अजून त्यांच्याशी बोलत नव्हता.

आता लेक दिव्याला इंजिनिअरिंगसाठी दोन विद्यापीठांत जागा मिळाली. रायपूरला कॉम्प्युटर, नागपूरला सिव्हिल. दिव्याचा सारा जीव कॉम्प्युटरवर! पण पुनारामजींनी फर्मान काढलं, "दोन्हीकडच्या मेसचा भात खातो, मंगच सांगतो!"

"बाबा, मी काय भात शिकाले जाऊन राहिली?"

"जिथं भात चांगला, तिथं सारंच चांगलं. चूप बस!"

रायपूरचा भात निघाला चिकट. पुनारामजींनी तोंड वाकडं केलं आणि दिव्याचं तोंड उतरलं. दुसऱ्या दिवशी बापलेक नागपूरच्या मेसमध्ये हजर. आज पाचच्या आत मोबाइलवरून एक जागा पक्की करायची होती, नाही तर दोन्ही गेल्या! आणि ओटीपी येणार पुनारामजींच्या फोनवर, कारण घरातल्या सगळ्या कागदांवर नंबर त्यांचाच.

नागपूरचं शीत त्यांनी बोटात चेपलं. ते टुणकन उडालं आणि समोरच्या पोराच्या वरणात पडलं.

"कच्चा! याले भात म्हणते का? कोणं शिजवला हा?"

दिव्याला आशा वाटली. "बाबा, दोन्ही फेल. आता मी ठरवू?"

पण पुनारामजी तोवर थेट स्वयंपाकघरात! तिथं महाराज श्यामलाल कमरेवर हात ठेवून उभा होता.

"काकाजी, इतना ही आता है तो आप ही पका लो!"

झालं! धानवाल्याला कोणी असं डिवचतं का? पुनारामजींनी बाह्या सरसावल्या. तांदूळ निवडला, धुतला, निथळला. हंड्याएवढ्या गंजात आधण चढवलं. बाहेर उशिरा जेवणाऱ्या पोरांची रांग वाढत गेली आणि दारात दिव्याचा जीव खालीवर होऊ लागला.

"बाबा, साडेचार झाले!"

"थांब ना वं, वाफ येऊन राहिली!"

वाफ पाहायला ते वाकले आणि वरच्या खिशातला मोबाइल बुडुक! थेट गंजात!

दिव्यानं किंकाळी फोडली. श्यामलालनं झाऱ्यानं मोबाइल वर काढला. फोन मेला होता, पण अंगभर शितं लेवून!

रांगेतला एक पोरगा पुढे आला. "काका, ओला मोबाइल तांदळात ठेवायचा असतो."

"तांदळातूनच तर काढला रे बावा!"

सगळी मेस हसली. दिव्याच्या डोळ्यांत मात्र पाणी. "बाबा, माह्यं वर्ष गेलं तुमच्या भातात!"

पुनारामजींनी सरसावलेल्या बाह्या खाली केल्या. लेकीनं रात्ररात्र जागून अभ्यास केला होता आणि आपण इथं भात कालवत बसलो! "श्यामलालजी, हात जोडतो, तुमचा फोन द्या!"

ओढणीच्या पिनेनं सिम काढलं, पुसलं, श्यामलालच्या फोनात घातलं. दिव्या त्याच फोनवर बोट उगारून उभी. "बोला बाबा, कोणतं?"

सवय हो, दुसरं काय! पुनारामजींनी गंजातलं शीत चेपलं. मऊ, मोकळं, सुरेख! "नागपूर पास!"

"बाबा! हा भात तुम्हीच शिजवला!"

पुनारामजी असे वरमले की बास. श्यामलालसुद्धा खो खो हसत सुटला.

"मंग टाक तुह्या मनाचं," ते पुटपुटले.

ओटीपी आला आणि पाचला दोन मिनिटं असताना रायपूर पक्कं झालं. दिव्यानं बापाला गच्च मिठी मारली.

परतीच्या गाडीत पुनारामजींना राहवेना. "बाई, तिथला भात भलताच चिकट आहे वं. चार वर्षं कशी काढशील?"

"बाबा, मले भात आवडतच नाही. घरी तुम्ही ताटासमोर बसता म्हणून खाते. रायपूरच्या पोळ्या मस्त आहेत!"

पुनारामजींनी आधी डब्यातल्या माणसांकडे पाहिलं. कोणी ओळखीचं नव्हतं. मग लेकीच्या कानाशी वाकून म्हणाले, "हे आमगावात कोणाले सांगू नोको!"