उत्तर न देणारी लीलाअक्का

लीलाअक्का कुणाच्याही प्रश्नाचं उत्तर देत नाही. यावल तालुक्यातल्या आमच्या केळी पॅकिंगच्या शेडवर तिला कुणी काहीही विचारलं, की ती डोक्यावरचा रुमाल सारखा करते, समोरच्याकडे एकटक बघते आणि म्हणते, "तुले काय वाटस?"

अक्का, पंखा बंद पडला, काय करायचं? "तुले काय वाटस?" अक्का, आज घड लहान आलेत, चालतील का? "तुले काय वाटस?" एकदा कंटेनरच्या नव्या ड्रायव्हरने बिचाऱ्याने फक्त संडास कुठे आहे एवढंच विचारलं होतं. अक्काने सवयीने त्यालाही तेच विचारलं. तो माणूस बराच वेळ शेडच्या चारी बाजूंना बघत, खरोखर विचार करत उभा होता.

अक्का आमच्या शेडची मुकादम. चाळीस माणसं तिच्या हाताखाली, त्यातल्या तीस बाया. तिचं माहेर पिंपळनेरकडचं. लग्न होऊन इकडे येऊन तिला तीस वर्षं झाली, पण तिने तिकडचं 'आहे'ला 'शे' आणि 'वाटतं'ला 'वाटस' म्हणणं काही सोडलं नाही. इकडची बोली वेगळी, त्यामुळे बाया तिची नक्कल करतात. "अक्का, बठ्ठं ठीक शे का?" असं, म्हणजे सगळं ठीक आहे ना असं, मुद्दाम ओरडून विचारतात. अक्का सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसते. आणि तेव्हाही उत्तर देत नाहीच.

मी धुळ्याहून शेतकीची पदवी घेऊन इथे क्वालिटी सुपरवायझर म्हणून आलो तेव्हा माझ्याकडे फळाची जाडी मोजायचं यंत्र होतं, टॅब होता आणि खिशाला दोन पेनं होती. पहिल्याच दिवशी मी भिंतीवर एक मोठा इंग्रजी तक्ता लावला. मग अक्काला विचारलं, "रोज साधारण किती खोके भरतात?"

"जयभीम साहेब," अक्का म्हणाली. "तुमले काय वाटस?"

मी अंदाजाने एक आकडा सांगितला. ती म्हणाली, "मंग भरा ना तितला." आणि निघून गेली.

मी त्या दिवशी दुपारी मालकांकडे, म्हणजे ज्यांना सगळे भाऊ म्हणतात त्यांच्याकडे, तक्रार घेऊन गेलो. म्हटलं, या बाईंना काही माहीतच नाही, सगळं दुसऱ्यालाच विचारतात. भाऊ पोट धरून हसले. म्हणाले, "सहा महिने थांब. मग सांग."

सहा महिने लागले नाहीत. पण तोवर मी अक्काकडे जरा वरूनच बघत होतो, हे कबूल केलं पाहिजे.

तिची कामं वाटायची पद्धत मला वेडगळ वाटायची. कमलबाई नावाची एक बाई आहे. तिला जगात कुणाचंच काही पटत नाही. सुनेचं नाही, शेजारणीचं नाही, टीव्हीवर बातम्या देणाऱ्या मुलीच्या साडीचंसुद्धा नाही. आधीच्या दोन शेडवरून तिला भांडणापायी काढलं होतं. अक्काने तिला शेवटच्या टेबलावर बसवलं, भरलेले खोके तपासायला. आता कमलबाई दिवसभर अधिकृतपणे लोकांच्या चुका काढते आणि संध्याकाळी इतकी शांत होऊन घरी जाते, की म्हणे एकदा सुनेने घाबरून तिचा ताप बघितला.

निर्मला उभ्या असलेल्या प्रत्येक मोटरसायकलच्या आरशात केस सारखे करते. तिला स्टिकर लावायचं काम. तिचं एक स्टिकर वाकडं दाखवा! रमेश घड वाहून आणतो. तो रोज उशिरा यायचा, म्हणून भाऊंनी त्याला काढायचं ठरवलं होतं. अक्काने शेडची किल्ली त्याच्याकडे दिली. मी म्हटलं, "अहो, एक दिवस हा आलाच नाही तर चाळीस माणसं बाहेर उभी राहतील."

"तेच तर," अक्का म्हणाली, "त्याले बी ते माहीत शे ना."

रमेश आता सर्वांच्या आधी येतो, दार उघडतो आणि उशिरा येणाऱ्यांना नीतीच्या चार गोष्टी सांगतो. ऐकवत नाही.

आणि एक होती भुरीबाई. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरची. पावसाळ्यात स्वतःची कोरडवाहू शेती, मोहाच्या दिवसांत मोहफुलं, उरलेल्या दिवसांत आमच्या शेडवर. कामाला चोख, पण बोलायची नाही. मराठी तिला कळायची, बोलताना मात्र अडखळायची, म्हणून तोंडच उघडायची नाही. मी आलो त्याच आठवड्यात तिने धुण्याच्या टाकीतून केळ्यांची एक फणी उचलून न विचारता बाजूला टाकली. मी यंत्र लावून मोजलं, फळ मापात होतं. मला राग आला. सगळ्यांसमोर मी म्हणालो, "इथे डोकं मी चालवतो. तुम्ही फक्त हात चालवा."

भुरीबाईने मान खाली घातली. अक्का पलीकडे खोके मोजत होती. तिने ऐकलं होतं. ती मोजत राहिली.

मग तो डिसेंबरमधला दिवस आला. मोठी ऑर्डर होती, माल समुद्रापार जाणार होता. कंटेनर सकाळीच दाराला लागला होता आणि दिवस मावळायच्या आत त्याला निघायचं होतं. दोन बागांमधून घड येत होते. दुपारपर्यंत निम्मे खोके आत गेले. मी खुशीत होतो. आईला फोन करून सांगितलंसुद्धा, की आज माझा पहिला कंटेनर जातोय.

जेवणाची सुट्टी झाली. सगळ्या बाया डबे घेऊन बसल्या. भुरीबाई मात्र टाकीपाशीच उभी होती. एकदा खोक्यांकडे बघायची, एकदा माझ्याकडे. अक्का तिच्याजवळ गेली. मी जवळच होतो, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"काय झालं वं?" अक्का म्हणाली.

भुरीबाईने मान हलवली. काही नाही.

"तुले काय वाटस?"

भुरीबाई टाकीतल्या पाण्याकडे बघू लागली. मला वाटलं, आता अक्का जाईल. पण ती तिथेच एका उलट्या क्रेटवर बसली. हातातली भाकरी तिने टेबलावर ठेवली आणि वाट बघत राहिली, जणू तिला दुसरं काही कामच नव्हतं. कंटेनरचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. अक्काने तिकडे बघितलंही नाही.

शेवटी भुरीबाई हळूच म्हणाली, "वास येतो."

"कसाचा?"

"पिकल्याचा."

केळी हिरवी जातात, समुद्रावर दिवसेंदिवस थंडाव्यात राहतात. पिकायला लागलेली एक फणी आत गेली, तर तिच्यामुळे आजूबाजूची सगळी पिकत जातात आणि तिकडे पोचतो तो सगळा पिवळा चिखल. आणि दुसऱ्या बागेचा माल सकाळी मीच पास केला होता. फोन कानाला लावून. चार घड बघितले होते आणि हाताने पुढे जा म्हटलं होतं.

मी धावत जाऊन एक खोका फोडला. त्यात काही नव्हतं. दुसरा फोडला. काही नाही. भुरीबाई आली, रांगेवरून नाक नेत गेली आणि एका खोक्यावर हात ठेवला. त्यात, तळाशी, देठाजवळ पिवळी झाक आलेली फणी होती, दुसऱ्या बागेचीच.

तेवढ्यात भाऊंची गाडी आत आली. फोडलेले खोके बघून ते थबकले. "हे काय? माल कुणी पास केला?"

कुणी बोललं नाही. कमलबाईसुद्धा नाही. भाऊ अक्काकडे वळले. "अक्का, चूक कुणाची?"

अक्काने रुमाल सारखा केला. "भाऊ, तुमले काय वाटस?"

भाऊंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण त्या वेळी मला हसू आलं नाही. अक्का माझ्याकडे बघत नव्हती. मुद्दाम बघत नव्हती. तिने नाव घेतलं असतं तर मी कदाचित काहीतरी कारण सांगितलं असतं. तिने घेतलं नाही, म्हणून मलाच पुढे व्हावं लागलं.

"माझी चूक," मी म्हणालो. "मी नीट बघितलं नाही. भुरीबाईंनी पकडलं."

भाऊंनी श्वास घेतला, सोडला. "कंटेनर निघेल का आज?"

त्यावर अक्का चक्क उत्तर देऊन गेली. "निंघी."

तो एक शब्द बोलून ती बायांकडे वळली. पुढचे चार तास मी जे बघितलं ते मला कुठल्याही कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. अर्धवट डबे बंद झाले. रमेशने कुणी न सांगता कंटेनरमधून खोके खाली उतरवायला घेतले. दुसऱ्या बागेचे खोके तेवढे बाजूला निघाले, कारण निर्मलाला कुठलं स्टिकर कधी लावलं ते आठवत होतं. भुरीबाई वास घेत पुढे, तिच्यामागे कमलबाई खोके फोडत. "मी आधीच म्हटलं होतं," असं कमलबाई दर दहा मिनिटांनी म्हणत होती. तिने आधी काहीही म्हटलं नव्हतं. मी जमिनीवर बसून पुन्हा खोके बांधत होतो. चिकाने माझा पांढरा शर्ट काळा झाला, तो आजतागायत निघाला नाही.

दिवस बुडता बुडता कंटेनर गेटबाहेर पडला. बायांनी टाळ्या वाजवल्या. मी भुरीबाईसमोर जाऊन उभा राहिलो. त्या दिवशी फणीवरून बोललो ते चुकलं, असं म्हणालो. तिने मान हलवली आणि पहिल्यांदा हसली. तिचे समोरचे दोन दात पडलेले आहेत हे मला तेव्हा कळलं.

अक्काने त्या प्रकाराबद्दल मला कधी एक शब्द ऐकवला नाही. दुसऱ्या दिवशी भुरीबाईची जागा मात्र बदललेली होती. घड उतरतात तिथे, पहिल्या टाकीवर, माझ्या शेजारी. आणि अक्का मला 'तुमले' सोडून 'तुले' म्हणायला लागली होती. ही माझी बढती होती.

मला वाटत होतं, आता मला अक्का कळली. चाळीस माणसांच्या गराड्यात असणारी, प्रत्येकाच्या मनातलं ओळखणारी, हसतमुख बाई.

जानेवारीतल्या एका रविवारी मी टॅबचा चार्जर विसरलो म्हणून शेडवर गेलो. रविवारी शेड बंद असते, म्हणून आधी रमेशकडे किल्ली मागितली, तर तो म्हणाला, "जा, दार उघडंच असेल." दार खरंच नुसतं लोटलेलं होतं. आत पंखे बंद, टाक्या रिकाम्या. मधल्या लांब टेबलाच्या एका टोकाला लीलाअक्का एकटी बसली होती. पुढ्यात डबा उघडलेला.

मला बघून ती दचकली. "सुट्टी ना आज? तू कसा?"

"चार्जर राहिला. पण तुम्ही इथे?"

तिने डब्यातली भाकरी उगाच सारखी केली. मग म्हणाली, "मले घरमा एकलीले जेवण जास नही रे. आठ वरीस झाले, हे गेले तव्हापासून. पोरगी सुरतले शे. सहा दिवस काही वाटत नही. हा एकच दिवस लांब वाटस. इथं बसलं की... जरा बाया आसपास शेतस असं वाटस."

तिने ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा तुकडा मोडून माझ्याकडे सरकवला, वर ठेचा ठेवला. मी उभ्यानेच खाल्ला, चार्जर घेतला आणि निघालो.

पुढच्या रविवारी खोलीवर मी खिचडी केली, डब्यात भरली आणि दुपारी शेडवर गेलो. अक्का त्याच टेबलाशी बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या डब्याकडे बघितलं. आपला पाण्याचा तांब्या उचलून तिने पलीकडे ठेवला आणि समोरची जागा पदराने पुसून दिली.