स्वच्छ हात आणि चौऱ्याण्णव वर्षांची बरणी

माणसाच्या मुलाला निसर्ग दोन हात जन्मतःच देतो, पण ते कुठे घालू नयेत याचं ज्ञान द्यायला पुढची पंचवीस-तीस वर्षं लावतो. मधल्या काळात त्या हातांवर लक्ष ठेवायचं काम समाजाने आईकडे सोपवलेलं आहे, आणि जपानमधल्या कोकुरा शहरातल्या ‘हिरवी टेकडी’ पाळणाघराने ते नियमांत बसवलं आहे. याबद्दल पाळणाघराचं कौतुक करावं तेवढं थोडंच. नियम नसते तर आया नुसत्याच काळजी करत बसल्या असत्या. आता त्या लेखी काळजी करतात.

चिसातो यासुताके ही या पाळणाघराची आदर्श माता होती. तिची मुलगी कोहारू, वय वर्षं तीन, महिने आठ. रोज सकाळी कोहारूचं तापमान, शी (प्रकार आणि वेळ), नाकाची अवस्था आणि एकंदर मनःस्थिती यांची नोंद चिसातो पाळणाघराच्या वहीत करत असे. तापमान साडेसदतीस भरलं तर पाळणाघर मुलाला घरी पाठवतं. सदतीस पूर्णांक चार भरलं तर ठेवून घेतं, पण खिडकीपाशी बसवतं. हात धुताना एक गाणं दोनदा म्हणावं लागतं. पहिल्या वेळी जंतू मरतात आणि दुसऱ्या वेळी पालकांचं समाधान होतं.

हे सगळं सुरळीत चाललेलं असताना वसंतात एक बालरोगतज्ज्ञ पालकसभेत आले आणि म्हणाले, की जेवणाआधी, संडासानंतर आणि बाहेरून आल्यावर साबणाने हात धुवा, बाकीच्या वेळी मुलांना मातीत खेळू द्या. थोडे जंतू भेटलेले बरे असतात. एवढं बोलून ते चहा न घेताच गेले. सभेत घबराट पसरली.

“थोडे म्हणजे नक्की किती?” कोहारूच्या वर्गातल्या रित्सुचे बाबा उभे राहिले. ते विमा कंपनीत होते. “आणि भेटलेले म्हणजे लांबून, की जवळून?”

यातूनच ‘स्वच्छता व जंतुपरिचय समतोल समिती’ स्थापन झाली. पदाधिकारी दगड-कागद-कात्री खेळून ठरले. हरेल त्याला पद. रित्सुचे बाबा अध्यक्ष झाले. चिसातोने कागद टाकला, चिटणीस झाली, आणि तेव्हापासून कागदच तिच्या नशिबी आला.

समितीने चार बैठकांत भरीव काम केलं. दर गुरुवारी १०:४० ते १०:५५ या वेळात मुलांचा जंतूंशी परिचय वाळूच्या हौदात करून द्यावा, असं ठरलं. वाळू आदल्या दिवशी निर्जंतुक करून घ्यावी, असंही ठरलं (एकमताने). सर्दी झालेल्या मुलाला परिचयातून वगळावं, कारण त्याचा परिचय आधीच झालेला असतो. समितीच्या पाहणीत त्र्याऐंशी टक्के पालकांनी जंतूंना पाठिंबा दिला. मात्र त्यातल्या बहुतेकांनी तो इतरांच्या मुलांसाठी दिला होता.

घरी चिसातोचे स्वतःचे नियम होते आणि ते समितीपेक्षा कडक होते. पाळणाघरातून आल्यावर कोहारूने दारात बूट काढायचे, दोन्ही हात डोक्यावर धरायचे आणि कशालाही न शिवता मोरीपर्यंत अकरा पावलं चालायचं. चिसातो तोवर दारातच सायकलची टोपली, भाजीच्या पिशव्या आणि किल्ल्या पुसून घेई. या कामाला चार मिनिटं लागत. मूल शरणागती पत्करल्यासारखं घरात शिरायचं. शेजाऱ्यांना ते फार शिस्तीचं वाटे.

अशा या घरात ऑक्टोबरमध्ये बरणी आली.

बरणी चिसातोच्या सासूबाईंची, म्हणजे फुजिएंची. चांगली गुडघ्याएवढी उंच, रुंद तोंडाची, तपकिरी. आत भाताचा कोंडा, मीठ, सुक्या मिरच्या आणि समुद्रातलं शेवाळ यांचा ओलसर लगदा होता. त्यात संध्याकाळी काकडी नाहीतर मुळा खुपसला की दुसऱ्या दिवशी त्याचं लोणचं होतं. लगदा मात्र रोज तळापासून ढवळावा लागतो, आणि तोही हाताने. हा कोंडा चौऱ्याण्णव वर्षांपूर्वी फुजिएंच्या आजेसासूने घातला होता. तेव्हापासून त्यात भर पडत गेली, पण तो संपला कधीच नाही. युद्धात भोंगा वाजला की घरची बाई आधी बरणी उचलायची आणि मग देव्हाऱ्यातल्या पूर्वजांच्या नावांच्या पाट्या. पूर्वजांनी कधी तक्रार केली नाही. लोणचं त्यांनीही खाल्लेलं होतं.

फुजिए गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी सहा आठवडे इस्पितळात चालल्या होत्या.

“हाताने म्हणजे... नुसत्या हाताने?” चिसातोने विचारलं.

“नाहीतर काय पायाने?” फुजिए म्हणाल्या. “हे बघ, माझ्या सासूने मला दागिना दिला नाही, ही बरणी दिली. गुडघ्याचं काय व्हायचं ते होऊ दे. पण ही गेली तर मी घरी परत येऊन करू काय? टीव्ही बघत बसू?”

अकरा वर्षांत सासूबाईंनी चिसातोवर मांजर सांभाळण्याचाही भरवसा टाकला नव्हता. तिला भरून आलं. घरातली सगळ्यात गार जागा म्हणून तिने बरणी दारातल्या बुटांच्या कपाटाशेजारी ठेवली आणि त्याच संध्याकाळी निगराणीची पद्धत लिहून काढली. सात पायऱ्यांनी हात धुणे. गाणे दोनदा. अल्कोहोल. कोपरापर्यंत हातमोजे. मोज्यांवर अल्कोहोल. उकळून घेतलेले लाकडी उलथने. ढवळल्याची वेळ, सही.

“ढवळलंस?” फुजिए इस्पितळातून रोज फोन करत.

“हो आई. सहा वाजून पाच मिनिटांनी.”

“वास कसा आहे?”

“स्वच्छ आहे, आई.”

फुजिए पुन्हा विचारत, “कसा?” चौऱ्याण्णव वर्षांत बरणीचा वास कुणी स्वच्छ म्हटला नव्हता.

नवव्या दिवशी चिसातोचा नवरा कोसुके दारात थबकला आणि म्हणाला, “आपण घराला रंग देतोय का?” बरणीला रंग पातळ करायच्या तेलासारखा उग्र दर्प सुटला होता. वर पांढरी साय धरली होती. चिसातोने उलथन्याचं उकळणं दहा मिनिटांवरून वीस मिनिटांवर नेलं. दर्प वाढला. तिने कोसुकेला हात घालून बघायला सांगितलं, तर तो म्हणाला, “माझ्या हातांना घाम येतो, तूच म्हणतेस. मला मोरीतल्या टॉवेललासुद्धा हात लावायची परवानगी नाही.” अध्यक्षांना विचारलं, तर रित्सुच्या बाबांनी बरणीला चौदा दिवस विलगीकरणात ठेवण्याची आणि शेजाऱ्यांना लेखी कळवण्याची शिफारस केली.

शेवटी चिसातोने डबीभर कोंडा घेतला आणि बाजारातल्या कुरातोमी आजींकडे गेली. आजी साठ वर्षं कोंड्याचंच दुकान चालवत होत्या. त्यांनी डबी उघडली आणि नाक मागे घेतलं.

“हात कुणाचा लागतो याला?”

“कुणाचाच नाही,” चिसातो जरा अभिमानानेच म्हणाली.

“तेच म्हणते मी. उपाशी मारलंत की हो म्हातारीला!” मग आजींचं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. अल्कोहोलने ते पांढरे पडून भेगाळले होते. “अगं बाई, हे हात आहेत की सुके मासे? यांच्यावर काही जगेल तर शपथ. थोडा नवा कोंडा घाला, मोहरी घाला, मीठ घाला. आणि कुणाचा तरी जिवंत हात घाला.”

चिसातो घरी आली, तिने मोजे काढले आणि भेगाळलेला हात मिठाच्या कोंड्यात घातला. त्यानंतर ती जे ओरडली ते वहीत नोंदवलेलं नाही. चार दिवस तिने डोळ्यांत पाणी आणून ढवळलं. (हात अर्थातच आधी धुतलेले. सवय एका दिवसात जात नाही.) दर्प तसाच राहिला. पाचव्या दिवशी तिने सासूबाईंना लिहायच्या माफीपत्राचा मसुदा केला. ‘आपण विश्वासाने सोपवलेली’ इथपर्यंत आली आणि पुढे लिहवेना. ती स्वयंपाकघरात बसून खरंखुरं रडली. बरणी तिला कधी आवडली नव्हती, पण चार पिढ्यांनी जगवलेली वस्तू आपल्या हातून जाणार, तीही आपण हात इतके स्वच्छ ठेवल्यामुळे, हे तिला कुणाला सांगताही येईना.

आणि सतराव्या दिवशी वास बदलला. साय गेली. कोंड्याला पिकल्या सफरचंदासारखा आंबूस-गोड वास येऊ लागला. चिसातोने भीतभीत एक मुळा पुरला. दुसऱ्या दिवशी कोसुकेने त्या मुळ्याबरोबर भाताचे तीन वाडगे खाल्ले आणि चौथ्याकडे बघितलं. चिसातोने वहीत लिहिलं, ‘समतोल साधला गेला.’ पुढचे दोन आठवडे ती इतकी आनंदात होती, की समितीचं इतिवृत्त तिने वेळेआधी पाठवलं.

एकतिसाव्या दिवशी ढवळताना तिच्या बोटांना काहीतरी टणक लागलं. ते ओकचं बोंड निघालं. (उत्तम मुरलेलं.) त्याच्याखाली एक लाल बटण होतं आणि बटणाखाली केसांची छोटी पिन.

दुसऱ्या दिवशी पाळणाघरातून आल्यावर तिने टोपली पुसायचं सोडून मागे वळून बघितलं. कोहारू बरणीपाशी गुडघ्यांवर बसली होती. दोन्ही हात खांद्यापर्यंत आत होते, बाह्यांवर वाळू होती, नखांत माती होती, आणि ती हात धुण्याचं गाणं म्हणत होती.

“कोहारू! काय करतेस?”

“हिला भूक लागते ना,” कोहारू म्हणाली. “मी गाणं दोनदा म्हणते हं आई.”

“कधीपासून करतेस हे?”

“कालपासून.”

(कोहारूच्या पंचांगात आजच्या आधीचा प्रत्येक दिवस काल होता. वहीवरून हिशेब केला तेव्हा हा काल सोळा दिवसांचा भरला.)

चिसातोने आधी मुलीचे हात धुतले, मग पाळणाघराची वही काढली. सोळा दिवसांत तापमान कधी छत्तीस पूर्णांक आठच्या वर गेलं नव्हतं. नाक कोरडं. शी नियमित. मनःस्थिती उत्तम. तिने नवऱ्याकडे बघितलं. तो मुळा खात होता. मग तिने बरणीकडे बघितलं. टाकून द्यावी, असं समितीच्या नियमांवरून स्पष्ट होत होतं. सासूबाई दहा दिवसांनी घरी येणार होत्या. चिसातोने बराच वेळ विचार केला आणि झाकण लावलं. मोरीतले नियम आहेत तसेच राहिले, कोहारूचे हात साबणाने पूर्वीसारखेच धुतले जात. सायकलची टोपली पुसायला मात्र चिसातो चार मिनिटांऐवजी सहा मिनिटं घेऊ लागली.

फुजिए काठी टेकत आल्या आणि बूट काढायच्या आधी काकडी मागितली. एक घास खाल्ला आणि त्या दारातच बसल्या.

“आई, खारट झाली का?” चिसातोचा जीव टांगणीला लागला.

“ही चव,” फुजिए म्हणाल्या. “बत्तीस वर्षं झाली गं. कोसुके शाळेत जायला लागला आणि ही गेली. मी मीठ बदललं, कोंडा बदलला, नवस बोलले. काय केलंस तू?”

“काही नाही आई. रोज हात धुतले आणि ढवळलं.”

फुजिएंनी सुनेकडे बघितलं. मग त्यांची नजर कोहारूच्या नखांवर गेली आणि तिथेच राहिली.

“कोसुकेने एकदा बेडूक ठेवला होता आत,” त्या हळूच म्हणाल्या. “तुझ्या सासऱ्यांना मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. आठवडाभर वांगी खात होते, काय तारीफ करत होते!” आणि त्यांनी दुसरी काकडी उचलली.

समितीची पुढची बैठक चिसातोच्या घरी झाली. सभासदांनी आधी हात निर्जंतुक केले आणि मग लोणच्याच्या दोन थाळ्या रिकाम्या केल्या. रित्सुचे बाबा म्हणाले की अन्नाची एवढी शुद्ध चव हल्ली कुठे मिळत नाही. सगळ्यांनी घरी न्यायला मूठमूठ कोंडा मागितला आणि सोबत लेखी पद्धत. चिटणीस या नात्याने चिसातोने ती लिहून दिली. एकूण अकरा कलमं, पहिलं हात स्वच्छ धुण्याचं. बारावं कलम तिने लिहिलं नाही. लहान मुलं प्रत्येकाच्याच घरी होती.

वाचकहो, मघाशी तुम्ही ‘शी!’ म्हणालात ते ऐकू आलं. म्हणालात ते योग्यच. तुमच्यासारखी स्वच्छ माणसं आहेत म्हणून समित्या चालतात. फक्त एक सांगायचं राहिलं. घरचं जेवण पुढ्यात आलं, की पहिल्या घासाला तुम्ही मान हलवता आणि म्हणता, सगळं ठीक आहे, पण आईच्या हातची चव नाही. बायको ऐकून घेते. तुम्ही ती चव खाणावळींत शोधता, लग्नांच्या पंगतींत शोधता, आणि आईला विचारता तेव्हा ती म्हणते, मी काहीच वेगळं करत नव्हते रे. ती खोटं बोलत नाही. आईने हात धुतलेले असायचे. तिची पाठ वळली की अंगणातून धावत येऊन पिठाच्या परातीत, ताकाच्या भांड्यात आणि लोणच्याच्या बरणीत हात घालून पळायचात ते तुम्ही.