उसासे मोजणारे गुल्हाने सर

गुल्हाने सर पहिल्यांदा माझ्या ग्रंथालयात आले तेव्हा त्यांनी नमस्कार केला नाही, नाव सांगितलं नाही, पुस्तकही मागितलं नाही. गळ्यातला पांढरा दुपट्टा काढला आणि माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर अंथरला. मग माउस उचलून स्वतःच्या खिशात घातला.

"आता मले एक पुस्तक शोधून द्या," म्हणाले.

मे महिना होता. अमरावतीच्या मे महिन्यात माणसं थोडीफार अशी वागतात, म्हणून मी आधी त्यांच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला.

"सर, काही दिसत नाहीये."

"तेच तं म्हनून राहिलो मी. दिसत नाई. मंग? कान हायेत नं?"

त्यांनी एक पेनड्राइव्ह लावला आणि माझा कॉम्प्युटर बोलायला लागला. पडद्यावर जे असेल ते मोठ्यानं वाचून दाखवणारं ते सॉफ्टवेअर. अंध माणसं त्याच्या जोरावर कॉम्प्युटर वापरतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. कॉलेजच्या ग्रंथालयाचं ऑनलाइन सूचीपत्र मी स्वतः खपून करून घेतलं होतं. मरून रंगाची पार्श्वभूमी, प्रत्येक विषयाला छोटंसं चित्र. प्राचार्यांनी भर सभेत कौतुक केलं होतं. तेच सूचीपत्र आता वाचलं जात होतं: "बटण. बटण. चित्र शून्य शून्य सात. बटण. बटण."

"कोनतं बटन दाबता?" सरांनी विचारलं.

"चौथं."

"कावून चौथं?"

"अंदाजानं."

"अंदाजानं सडक ओलांडता का तुमी?" एवढं बोलून त्यांनी दुपट्टा झटकून गळ्यात घातला आणि निर्णय दिला, "घुमं हाये तुमचं पान. भल्लं देखनं, पन घुमं."

हे आमचे कॉम्प्युटर विभागाचे गुल्हाने सर. त्या वर्षी बदलून आमच्या कॉलेजात आले होते. माझा माउस त्यांनी दोन दिवसांनी परत केला.

घुमं हा त्यांचा सगळ्यात मोठा शिवीचा शब्द. पूर्वी ते 'मुकं' म्हणत. पण अकोल्यात एक मूकबधिर शिंपी त्यांच्या ओळखीचे आहेत. त्यांनी एकदा कागदावर लिहून दाखवलं, "सर, मी मुका आहे, पण विचारलं की उत्तर देतो. ही साइट देत नाही." सरांनी तिथल्या तिथं दोन्ही कान धरले. तेव्हापासून अशा पानाला ते घुमंच म्हणतात. आणि कौतुकाचा शब्दही एकच: "बोलते!" वांग्याची भाजी जमली तरी "बोलते!" आणि विद्यार्थ्याचा प्रोजेक्ट जमला तरी "बोलते!"

त्यांना कुठं न्यायची सोय नाही. वरूडला आमच्या एका सहकाऱ्यांच्या मुलीचं लग्न होतं. पत्रिका फोनवर आली होती, एक सुंदर चित्र, त्यावर सोनेरी अक्षरं. सरांनी मांडवात वधूपित्याला गाठलं. बिचारे संत्र्याच्या पेट्या मोजाव्यात तशी जेवणाची पानं मोजत होते.

"पत्रिका घुमी हाये तुमची. चित्रातली अक्षरं फोन वाचत नाई. आंधळ्या पाहुन्यानं कसं यावं?"

"आमच्यात आंधळा पाहुना कोनी नाई नं सर."

"तुमाले कसं माईत? त्याले पत्रिकाच समजली नसन तं तो दिसन कसा तुमाले?"

वधूपित्यानं खरंच मांडवभर नजर फिरवली.

पण सरांचा खरा संसार अकोल्याला. दर शनिवारी सकाळी बडनेऱ्याहून गाडी पकडायची आणि एका बंद पडलेल्या शिकवणी वर्गाच्या खोलीत जाऊन बसायचं. तिथं त्यांचे दहा-बारा जण जमतात. कुणाला दिसत नाही, कुणाला ऐकू येत नाही, एका आजोबांचे हात इतके थरथरतात की माउस हातात धरला की पडद्यावर बाण नाचतो. ही माणसं वेगवेगळ्या वेबसाइट उघडतात, वीजबिल भरतात, तिकीट काढायचा प्रयत्न करतात, आणि सर मागं उभे राहून वहीत लिहितात. काय लिहितात? उसासे.

थट्टा नाही. हेच त्यांचं संशोधन. माणूस एखाद्या पानावर कुठं अडला हे विचारून कळत नाही, कारण माणसं भिडस्त असतात, "जमलं सर" म्हणतात. पण अडला की उसासा टाकतोच. म्हणून सर उसासे मोजतात. त्यांच्या वहीत उसाशाचे तीन प्रकार आहेत: लहान, मोठा आणि 'या अल्ला'. एका परिषदेत त्यांना कुणीतरी विचारलं, उसासा हे मोजमापाचं एकक कसं मानायचं? सर म्हणाले, "तुमी आमच्या शबानाबाजीचा ऐका एकदा. मंग सांगा."

शबानाबाजी, म्हणजे शबानाताई, त्या तिसऱ्या प्रकाराच्या मालकीणबाई. वय चाळिशीच्या आत, जन्मापासून दृष्टी नाही, एम.ए. झालेल्या. भावाचं अकोल्यात गाद्यांचं दुकान, त्याच्या मागच्या घरात त्या राहतात. एका सरकारी खात्यात टेलिफोन ऑपरेटरची जागा निघाली की त्या अर्ज करत. पहिला अर्ज एका कॅफेवाल्यानं भरून दिला, त्यात जन्मतारीख चुकली. दुसरा दुसऱ्या कॅफेवाल्यानं भरला, आणि परीक्षेचं पत्र आलं 'श्री. शबाना' या नावानं. परीक्षा केंद्राच्या दारावरून त्यांना परत पाठवलं, कारण कागदावर त्या पुरुष होत्या.

यंदा तिसऱ्यांदा जागा निघाली. वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची वेळ.

"इस बार मैं खुद भरूंगी," त्यांनी सरांना सांगितलं. "चूक झाली तं मायी. पन दुसऱ्याची चूक आता मले नोको."

अर्ज मात्र घुमा निघाला. फोटो चढवायच्या बटणाला नाव नाही, आणि शेवटी चित्रातली वाकडीतिकडी अक्षरं ओळखून लिहायची. ज्याला दिसत नाही त्यानं ती ओळखायची कशी, हा विचार कुणी केला नव्हता. सरांनी खात्याला तीन पत्रं पाठवली. उत्तर आलं, 'अर्ज जवळच्या केंद्रावरून भरून घ्यावा.' सरांनी ते उत्तर वहीत चिकटवलं आणि खाली स्वतःचाच एक मोठा उसासा नोंदवला.

अर्जाचा शेवटचा दिवस नेमका शनिवार होता. मुदत पाच वाजेपर्यंत. "चाला मॅडम, आज मज्या हाये," असं म्हणून सरांनी मलाही सोबत घेतलं.

त्या खोलीत त्या दिवशी लग्नघर होतं. थरथरत्या हातांचे आजोबा नवा सदरा घालून आले होते. शिंपी दारात उभे होते, कुणी आलं की बोट ओठांवर ठेवत होते. शबानाबाजी कॉम्प्युटरपुढं ताठ बसल्या होत्या. नाव, पत्ता, शिक्षण भरून झालं, आणि पुढं तेच. बटण. चित्र. दहा मिनिटं झाली की पान आपोआप बंद पडायचं आणि पुन्हा नावापासून सुरुवात. तीनदा भरलं. तिसऱ्यांदा 'या अल्ला' आला. सरांनी नोंद केली, पण पेन इतकं दाबलं की कागद फाटला.

मग त्यांनी फोन काढला. पानाच्या अगदी तळाशी, ते बनवणाऱ्या नागपूरच्या एका लहानशा कंपनीचं नाव होतं. आठवडाभर खटपट करून सरांनी तिथल्या मुलीचा नंबर मिळवला होता. प्राजक्ता तिचं नाव. फोन स्पीकरवर टाकला.

"ताई, मी अमरावतीचा गुल्हाने. अर्जाचं पान तुमीच बनवलं नं?"

"हो सर. काही अडचण?"

"अडचन नाई. डोळे झाका."

"काय?"

"डोळे झाका आन् माउसले हात न लावता फोटो चढवून दाखवा. मी थांबतो."

मला वाटलं, ठेवते आता फोन. पण तिकडून कळा दाबल्याचा आवाज यायला लागला. टक. टक. टक. आमची सगळी खोली श्वास रोखून ऐकत होती. मिनिट गेलं. दोन गेली. आणि मग नागपुरातून, स्पष्ट, लांबलचक उसासा आला.

सर आनंदानं जवळजवळ उडालेच. "मोठा!" ते मला कुजबुजले. "मोठ्यातला मोठा! लिहा!"

"सर," प्राजक्ता म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "हे माझ्या कधी लक्षातच आलं नाही. पण साहेबांना विचारल्याशिवाय मला बदलता येणार नाही."

"विचारा. आन् ते नाई म्हनले तं त्याईलेबी डोळे झाकायले सांगा."

तीन वाजले. सव्वातीन झाले. आजोबांनी घड्याळाकडं बघणं सोडून माझ्याकडं बघायला सुरुवात केली. सर खोलीभर येरझाऱ्या घालत होते आणि प्रत्येक फेरीला खुर्चीला अडखळत होते. शबानाबाजी तेवढ्या शांत. "सर, बसा नं," त्या म्हणाल्या, "तुमच्या चपलेनं मले धडधड होऊन राहिली."

चार वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. "आता बघा सर. बटणांना नावं दिलीत. अक्षरांच्या जागी साधी बेरीज टाकली. आणि वेळ वाढवलाय."

शबानाबाजींनी पान नव्यानं उघडलं. आवाज आला, "फोटो निवडा, बटण." आजोबांच्या तोंडून "अरे व्वा!" निघालं आणि सगळ्यांनी त्यांना गप्प केलं. सर स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले. मदत करायचा मोह होऊ नये म्हणून. लिंग या रकान्यावर शबानाबाजी थांबल्या, "स्त्री" ऐकलं, पुन्हा ऐकलं, मग कळ दाबली. फोटो चढला. आवाजानं विचारलं, "सात अधिक दोन किती?"

"नऊ!" अख्खी खोली ओरडली.

"मले येते!" शबानाबाजी हसत म्हणाल्या, आणि चार वाजून चाळीस मिनिटांनी त्यांनी शेवटची कळ दाबली.

"तुमचा अर्ज मिळाला आहे. अर्जदाराचं नाव, श्रीमती शबाना."

त्यांनी ते वाक्य चारदा ऐकलं. शिंप्यांना ऐकू येत नव्हतं, त्यांनी शबानाबाजींचा चेहरा पाहिला आणि दोन्ही हात वर करून हलवले. सर फोनवर प्राजक्ताला एकच शब्द पुन्हा पुन्हा सांगत होते, "बोलते! ताई, बोलते!"

मग चहा आला, समोसे आले. शबानाबाजींचे हात आता कळफलकावरून हटत नव्हते. त्यांनी सहज आमच्या कॉलेजची वेबसाइट उघडली आणि प्राध्यापकांचं पान ऐकायला लागल्या. हे पान सरांनी सांभाळलेलं. प्रत्येक फोटोमागं त्यांनी न दिसणारं वर्णन लिहून ठेवलं होतं, फक्त ऐकणाऱ्यासाठी. "प्राचार्य. कपाळावर आठ्या, पण हसू दाबून धरलेलं." "इंगोले मॅडम, ग्रंथपाल. जाड चष्मा, केसात खोचलेली पेन्सिल. पुस्तक उशिरा आणलं तरी रागावणार नाहीत असा चेहरा." मी इतकी वर्षं त्या पानावर होते आणि मला पत्ता नव्हता. शिपायापर्यंत सगळ्यांचं असं लिहिलेलं.

"गुल्हाने सर, सहयोगी प्राध्यापक," आवाज म्हणाला आणि पुढच्या नावावर गेला.

शबानाबाजी मागं आल्या. पुन्हा तेच.

"सर, तुमचा फोटो नाई का?"

"हाये नं."

"मंग तो बोलत कावून नाई?"

सर समोशाचा कागद चुरगाळत बसले. "त्याचा नियम हाये बाजी. जे चित्र नुसतं सजावटीचं असते, ज्याच्यात काई माहिती नसते, त्याचं वर्नन रिकामं सोडा लागते. म्हंजे आवाज त्याले सोडून पुढं जाते. ऐकनाऱ्याचा टाइम वाचते." मग म्हणाले, "माया चेहऱ्यात काय माहिती हाये?"

ते विनोद करत नव्हते. नियम सांगत होते. दहा वर्षं मी या माणसाला ओळखते. डबा खानावळीतून येतो, दिवाळीत कॉलेज बंद झालं तरी विभागात दिवा असतो, हे सगळं मला माहीत होतं. पण ते मी कधी एका ओळीत वाचलं नव्हतं.

"इंगोले मॅडम," शबानाबाजी म्हणाल्या, "तुमी लिहा. आत्ता. मी ऐकते."

सर उठायला लागले, आजोबांनी थरथरत्या हातानं त्यांचा खांदा धरून बसवलं. मी सरांचा लॅपटॉप ओढला, त्यावर ते पान उघडलं आणि त्यांच्याकडं पाहिलं, नीट, पहिल्यांदाच. लिहिलं, "केस पिकलेले, स्वतःच कापलेले असावेत. डोळे मोठे, सतत कुणाची तरी वाट बघत असल्यासारखे. शर्टाची दोन बटणं वेगळ्या रंगाची."

शबानाबाजींनी ऐकलं. मान हलवली. "एक राहिलं मॅडम. लिहा, हे खोलीत आले की खोली भरते."

"ते फोटोत दिसत नाही, बाजी."

"मले दिसते. लिहा."

मी लिहिलं.

परतीची गाडी निघाली. मूर्तिजापूर गेलं. खिडकीबाहेर कपाशी मागं पळत होती. बडनेरा यायला लागलं तेव्हा त्यांनी खिडकीतून नजर न काढता विचारलं, "मॅडम, केस पिकलेले लिहिलं का तुमी?"

"लिहिलं सर. काढू का?"

त्यांनी हातानं केस नीट केले.

"राहू द्या," म्हणाले.