कपाटामागची जमीन

"जमीन बघायला नजर लागते, आणि नजरेच्या बाबतीत मला कुणी शिकवायला नको," असं फोकसराव बसमधून उतरता उतरता बायकोला आणि सासूबाईंना सांगत होते. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. थिएटरच्या प्रोजेक्टर खोलीत त्यांचं उभं आयुष्य गेलं होतं. भिंतीतल्या चौकोनी भोकाला डोळा लावायचा आणि पडद्यावरचं चित्र जरा धूसर झालं की भिंग फिरवायचं, हेच काम. त्यामुळे खरं नाव मागे पडून सगळ्या जगाचे ते फोकसराव झाले होते.

आता थिएटर बंद पडलं होतं. थिएटरच्या मागच्या दोन खोल्यांत त्यांचा संसार होता, त्याही महिनाअखेर रिकाम्या करून द्यायच्या होत्या. शहरात भाडं झेपणार नव्हतं. म्हणून एखादं लहानसं घर, मागे थोडी जमीन, चार भाज्या आणि कोंबड्या, असा बेत ठरला. बेत सोपा होता, जमीन सापडत नव्हती. एका जमिनीला रस्ताच नव्हता, आणि दुसरीवरून अख्खा रस्ता गेलेला होता. आजची तिसरी. खिशाला परवडेल अशी हीच शेवटची, असं दलालाने फोनवर बजावलं होतं.

सासूबाईंची अट एकच होती. "जावईबापू, जमीन तुम्ही बघा. माझं कपाट मावलं पाहिजे." हे कपाट सागवानी होतं आणि इतकं अवाढव्य, की आधी ते ठेवून मग भोवती घर बांधलं असावं असं वाटे.

घराशी पोचले तर दलालाचा पत्ता नाही. फोनवर म्हणाला, "साहेब, गाडी पंक्चर झालीय. किल्ली कुंडीखाली आहे. आत जा, आतलं दार उघडा, समोर दिसेल ती सगळी जमीन तुमची."

आत एकच मोठी खोली आणि बाजूला स्वयंपाकघर. खोलीत समोर एक जाडजूड दार होतं, बाहेरच्या बाजूला उघडणारं. त्याची कडी गंजून दगड झाली होती. दुसऱ्या कुणीही नाद सोडला असता. पण फोकसरावांच्या खिशात प्रोजेक्टरला घालायच्या तेलाची कुपी कायम असे. त्यांनी दोन थेंब कडीत सोडले, दोन बिजागरीत, थोडं थांबले, मग खांदा लावला. दार कुरकुरत उघडलं आणि फोकसराव उंबऱ्यावरच उभे राहिले.

उतारावर हिरवीगार शेतं, मधून ओढा, पलीकडे फळझाडांच्या रांगा. गाई चरत होत्या आणि एका ढगाची सावली सगळ्यावरून सावकाश सरकत चालली होती.

"अगं," ते हळूच म्हणाले, "आयुष्यभर मी हे लोकांना पडद्यावर दाखवलं. पण ह्याला वास असतो, हे मला माहीत नव्हतं."

बायकोचा आवाजही खाली आला होता. "अहो, पण एवढ्या पैशात एवढं?"

"मालकाला किंमत कळत नसेल."

"का आपल्याला कळत नाहीये?"

पण तिचेही डोळे निवले होते. पाचच मिनिटांत तिने मनातल्या मनात ओढ्याकाठी भाजी लावून टाकली. फोकसरावांनी फळझाडांपलीकडचंही थोडं घेऊन ठेवलं. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, तो बघा, आपले टोमॅटो तोडतोय."

खाली खरोखरच एक म्हातारा टोपली भरत होता. फोकसराव उतार उतरून गेले. भांडण त्यांच्या स्वभावात नव्हतं, पण मालकी अंगात भिनली होती.

"काका, आजचे न्या. पण ही जमीन आता आम्ही घेतोय. पुढच्या वेळी विचारून हात लावा."

म्हाताऱ्याने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "बरं. गाईपण तुमच्याच का?"

"जमिनीबरोबर येत असतील तर आमच्याच."

"मग बरं झालं, मालक भेटले. पाट गाळाने तुंबलाय. तुमचाच आहे, तेवढा मोकळा करून टाका."

त्याने हातात फावडं दिलं. फोकसराव गुडघाभर चिखलात उतरले. म्हातारा बांधावर बसून टोमॅटो खात "मालक, जरा डावीकडे" असं सुचवत राहिला. गाळ निघाला आणि पाणी एकदम खळाळून धावलं, तेव्हा फोकसराव फावडं टाकून बघतच राहिले. आपल्या हाताने कधी पाणी चालू लागेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

त्याच वेळी दलाल धापा टाकत उतारावरून खाली आला आणि म्हाताऱ्यापुढे वाकला. "मालक, माफ करा. हे लोक चुकून तुमच्या शेतात घुसले. साहेब, ते दार कधी कुणी उघडलेलंच नाही हो! मला स्वयंपाकघरातलं म्हणायचं होतं."

सगळे वर आले, म्हाताराही मागोमाग आला. स्वयंपाकघराच्या दारामागे एक चिंचोळी पट्टी होती. दगड, गवत आणि एक पेरूचं झाड. बायकोने ती नीट बघितली आणि सुटकेचा श्वास टाकला. "ही आपली वाटतेय."

"फक्त पाणी," दलाल चाचरत म्हणाला. "ते ह्या मालकांच्या पाटातून येतं. त्यांनी हो म्हटलं तरच व्यवहार."

फोकसरावांनी ज्याला त्याच्याच शेतात मालकी ऐकवली, त्याच्याकडे आता पाणी मागायचं होतं. महिनाअखेर तर तोंडावर आलेली. चिखलाचे हात जोडून ते म्हणाले, "काका, चुकलो. इतकं लांबवर बघायची सवयच नाही. दिसलं ते सगळं आपलं वाटलं."

म्हाताऱ्याने खाली वाहत्या पाटाकडे बघितलं. "माझ्या दोन्ही मुलांना सांगून थकलो, कुणी उतरलं नाही. पाट साफ करत राहाल तोवर पाणी घ्या." जाता जाता तो वळला. "आणि दिसतं ते बघा की. बघायला कुणाची ना नाही."

त्या एका वाक्यावर फोकसरावांनी घर घेतलं. रोज सकाळी ते जाडजूड दार उघडायचं आणि चहा घेत बसायचं, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं.

सामान आलं. कपाट ह्या भिंतीला लावून बघितलं, त्या भिंतीला लावून बघितलं. ते मावलं एकाच ठिकाणी, त्या दारासमोर, दार पूर्ण झाकून. सासूबाई समाधानाने म्हणाल्या, "जागेसाठीच केल्यासारखं बसलं."

फोकसरावांनी दोन दिवस बाहेर बसून बघितलं. पण उघड्यावर चहूकडे एवढं दिसायचं की नेमकं कुठे बघावं कळेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी करवत काढली.

आता रोज सकाळी ते घराला वळसा घालून ते दार बाहेरून उघडतात, परत वळसा घालून आत येतात, कपाट उघडतात, स्वेटर बाजूला सारतात आणि पाठीच्या फळीत कापलेल्या चौकोनी भोकाला डोळा लावतात.

"अहो, कपाटात काय शोधताय?" बायको विचारते.

"थांब गं. गाई येतायत."

"येऊ द्या," सासूबाई म्हणतात, "पण आल्या की भोक बुजवा, जावईबापू. माझ्या सगळ्या कपड्यांना शेणाचा वास येतोय."