उतरायला जागा नसलेलं विमान

धाकू मांडवकराच्या दहाव्याला कावळा शिवेना.

पिंड नदीकाठच्या कातळावर ठेवून मंडळी मागे सरली आणि ऊन चढत गेलं. कावळे नव्हते असं नाही. समोरच्या फणसावर ते ओळीने बसले होते. एरवी धाकूच्या अंगणात वाळत घातलेल्या सुकटीवर दरोडा घालणारे हेच कावळे आज मान तिरकी करून नुसते बघत होते, मानपानात काही राहून गेल्यासारखे.

धाकूचा मुलगा शिवा मुंबईहून आला होता. त्याने हात जोडून सांगितलं, आईला अंतर देणार नाही. कावळे हलले नाहीत. मग घराची कौलं बदलीन, म्हैस विकणार नाही, असंही म्हणून झालं. भावकीतल्या बाबूचा धाकूशी बांधावरून अबोला होता. सगळ्यांच्या नजरा आपल्याकडे वळल्या हे पाहून त्याने नाइलाजाने बांध मागे घेण्याचं कबूल केलं. त्यावर एक कावळा उडाला, पण तो पलीकडच्या फांदीवर जाऊन बसला. आपण घाई केली असं बाबूच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं.

भटजींना राजापुरात आणखी एका ठिकाणी जायचं होतं. दर्भाचा कावळा करून लावता येतो, शास्त्रात तशी सोय आहे, असं त्यांनी हळूच सुचवलं. बायका अशा वेळी नदीवर येत नाहीत, पण धाकूची बायको हौसा आली होती आणि तिला घरी जा म्हणायची कोणाची छाती झाली नव्हती. ती झाडाच्या सावलीतून उठली.

"गवताचा कावळा नको," ती म्हणाली. "माज्या मानसाचा जीव कशात तरी अडाकलाय. तो सुटल्याबिगर मी हितून हलनार नाय."

मग तिने गर्दीच्या मागे पाहिलं. तिथे धाकूचा मित्र बाबल्या वहाणा हातात धरून उभा होता. आल्यापासून त्याने कोणाच्या नजरेला नजर दिली नव्हती.

"भावजी, पुढं या," हौसा म्हणाली. "तुमचा नि त्यांचा त्यो गेमचा काय हाय, ता मिटवा."

बाबल्याचा चेहरा उतरला. गेले दहा दिवस तो याच हाकेला भीत होता.

बाबल्या आणि धाकू तरुणपणापासून मुंबईच्या गोदीत एकत्र होते, एकत्रच गावी परतले आणि राजापूरच्या एका वखारीत शेजारी बसून आंब्याच्या पेट्या ठोकू लागले. संध्याकाळी दोघे गावची एसटी पकडत. ही एसटी वेळेवर येत असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण ती वेळेवर आल्याचं कोणाच्या आठवणीत नव्हतं, आणि सत्त्याऐंशी साली स्टँडसमोरच्या चहावाल्याने मुंबईहून व्हिडिओ गेमची दोन कपाटं आणून हॉटेलात उभी केली. पन्नाशी उलटलेले हे दोघे आधी चहा पिता पिता नुसते बघायचे. मग चहा गार व्हायला लागला. मग एकेक जण एकेका कपाटाला चिकटला तो कायमचाच.

धाकूचा गेम विमानाचा. ते समोरून येणारी विमानं गोळ्यांनी पाडत आभाळात पुढे पुढे जायचं, स्वतः पडेपर्यंत. बाबल्याचा गेम पिवळ्या तोंडाचा. ते तोंड बोळाबोळांतून ठिपके खात सुटायचं आणि भुतं त्याच्या मागे लागायची. कुठला गेम चांगला, यावर दोघांचं एसटी सुटल्यापासून गाव येईपर्यंत भांडण चाले. कंडक्टरने एकदा वैतागून त्यांना लांब लांब बसवलं, तर ते मधल्या उतारूंच्या डोक्यावरून भांडले.

धाकूचं म्हणणं असं की तोंडाच्या गेमात चारी बाजूंना भिंती, आभाळाचा पत्ता नाही. मुंबईत आपण जन्मभर तेच केलं, बोळातून बोळात फिरलो आणि मिळेल ते खाल्लं. आता म्हातारपणी हौसेने तेच कशाला करायचं? विमानात माणूस मोकळा. बाबल्याचं म्हणणं, विमानात नुसतं मरण आहे. इकडे भुतं कितीही मागे लागोत, कोपऱ्यातली मोठी गोळी गिळली की तीच पळायला लागतात. गरीब माणसाला उलटून भुतांच्या मागे लागायची संधी दुसरीकडे कुठे मिळते? दोघांचंही थोडं थोडं बरोबर होतं, म्हणून तर ते मिटत नव्हतं.

शेवटच्या संध्याकाळी बाबल्या जरा जास्तच बोलला. म्हैस शेपटीने माश्या मारते त्यात आणि तुझ्या विमानात काही फरक नाही, असं त्याने भर एसटीत सांगितलं. उतारू हसले. धाकू मात्र काही बोलला नाही, आणि थांब्यावर उतरताना रोजच्यासारखं "येतंय रे" असंही म्हणाला नाही. त्याच रात्री तो झोपेतच गेला. आपलं ते शेवटचं बोलणं मित्राने बरोबर नेलं, याहून वाईट त्याला काही सुचत नव्हतं.

तो पुढे आला. वहाणा बाजूला ठेवून त्याने हात जोडले.

"धाकू, तुजा गेम चांगला. माजा वायट."

एक कावळा चोचीने पंख साफ करू लागला.

हा कुठला नवस आहे, असं भटजींनी शिवाला विचारलं. शिवाने त्यांच्या कानाशी लागून सगळं सांगितलं. भटजींनी थोडा विचार केला आणि शास्त्रात याचा उल्लेख नाही, पण मनाईही नाही, असा निर्वाळा दिला. बाबल्याने पुन्हा हात जोडले. तुझं विमान लय भारी, माझं तोंड नुसतं खादाड, मी उद्यापासून विमानच खेळतो, असं सगळं तो बोलून चुकला. फणसावर काही फरक पडला नाही.

हौसा त्याच्याजवळ आली. "भावजी, तुमी खोटा बोलताव," ती हळू आवाजात म्हणाली. "आनि त्यांना ता कळतंय. रोज जेवताना मला सांगायचे, बाबल्या काय केल्या हटत नाय, म्हनून तर मजा येते. आज तुमी हरलाव, तर ते भांडतील कोनाशी?"

बाबल्याने धोतराच्या सोग्याने डोळे पुसले आणि तो पिंडाकडे वळला. आता त्याला खरोखरचा राग आला होता.

"मंग आयक, धाकू. तुजा गेम काय कामाचा नाय. तेवा बोललंय, आताबी बोलतंय. ज्या इमानाला उतराय जागाच नाय, त्यात बसाचा कशाला? चढलास तो चढलासच. खाली तुजी बायको हाय, पोर हाय. एसटीत मी रोज तुजी जागा धरून बसतंय, मेल्या. उतराचा कुठं, ता तरी आदी..."

फणसावरून एक कावळा सरळ खाली उतरला आणि पिंडाला शिवला.

बाबल्याचं वाक्य अर्धंच राहिलं. मंडळींनी हात जोडले. भटजी झटपट पंचपात्री आवरायला लागले. कावळा शेवटी भांडणानेच शिवला असेल तर बांधाचं अजून धरायचं का, असं बाबूने दबक्या आवाजात विचारून पाहिलं, पण तोवर मंडळी नदीत हातपाय धुवायला वळली होती. हौसा कातळावर बसली आणि धाकू गेल्यापासून पहिल्यांदा मोकळेपणाने रडली. तिच्यापासून थोड्या अंतरावर, पाठ फिरवून, बाबल्याही रडत होता.

दिवाळीनंतर हौसा डोळे दाखवायला राजापूरला आली. परतीच्या एसटीला वेळ होता. तिने बाबल्याला म्हटलं, ते दोन गेम मला एकदा दाखवा. हॉटेलातली माणसं बघत असताना ती पदर खोचून कपाटासमोर उभी राहिली. विमानात ती बघता बघता मेली. तोंडाच्या गेमात मात्र तिने बरेच ठिपके खाल्ले आणि एका भुताला गाठलंसुद्धा.

एसटीत बाबल्याने सवयीने शेजारची जागा पंचा टाकून धरली होती. पंचा उचलून त्याने ती हौसाला दिली. गाडी सुटल्यावर ती म्हणाली, "भावजी, तुमचाच बरोबर. इमानात काय राम नाय."

एवढं ऐकायला बाबल्याने दोन पावसाळे घसा कोरडा केला होता. पण आता ते ऐकून तो ताडकन तिच्याकडे वळला.

"वयनी, तुमाला काय कळतंय इमानातला," तो म्हणाला. त्याचा आवाज नको तेवढा चढला. "थयं मानूस मोकळा ऱ्हातो. भिंती नाय, बोळ नाय. जल्मभर काय कोपऱ्याकोपऱ्यानंच फिराचा?"

कंडक्टरने वळून पाहिलं, पण आज त्याने कोणाला उठवून लांब बसवलं नाही. बाबल्या बोलतच राहिला. हौसा खिडकीकडे तोंड करून ऐकत होती. एका ठिकाणी तो अडला, तेव्हा धाकूचं पुढचं वाक्य तिनेच सांगितलं.